तडतडणारी वात

गर्दी जमली की गलका होतो, हे आपण बाजारात, लग्नात, एसटी स्टँडवर पाहतो. माणिकमायच्या आवारात मात्र माणूस मावत नसायचं आणि तरी कडुनिंबाचं पान गळलं तर ऐकू यायचं. कारण तिचा नियमच तसा होता. लेकरू झोपलेलं आणायचं. जागं लेकरू तिला चालत नसे.

भर दुपारी परतवाड्याच्या रस्त्यावरून काळ्या-पिवळ्या जीपा यायच्या. आवार जवळ आलं की ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढायचे आणि गाडीचं दारही हळूच लोटायचे. आतून बाया उतरायच्या, चपला हातात धरून. प्रत्येकीच्या खांद्यावर दीड-दोन वर्षांचं पोर मान टाकून निजलेलं. मागे आज्या, काकवा, आत्या. अकोल्याच्या जठारपेठेतून चांगल्या शिकलेल्या घरच्या बाया स्वतःची मोटार घेऊन यायच्या. त्यांच्या पोरांची लाळही आमच्या पोरांसारखीच गळायची. कडुनिंबाखाली पोती अंथरलेली असत. त्यांवर सगळी पोरं ओळीनं निजवायची आणि वाट बघायची. कोणाच्या बापाला शिंक आली, तर सगळ्या बाया त्याच्याकडे असं बघायच्या की तो दुसरी शिंक गिळून टाकायचा.

मग एक पोर जागं व्हायचं. आधी ओठ वाकडे. मग डोळे न उघडताच लाथ. पाणी दिलं तर पेला भिरकावणार, उचललं तर अंग ताठ करणार, आईनं जवळ घेतलं तर तिच्याच तोंडावर चापट. त्याच्या रडण्यानं शेजारचं उठायचं, त्याच्यामुळे तिसरं. घटकाभरात आवारात असा आकांत व्हायचा की रस्त्यावरची म्हैस उभी राहून बघायची.

त्या आकांतात माणिकमाय दार उघडून बाहेर यायची. अंगानं थोराड, कपाळभर कुंकू, हिरवं लुगडं. ती ओरडत नसे. तिचा आवाज असा मऊ की ऐकायला बायांना पुढे सरकावं लागायचं.

"हे लेकरू रडून नाई राहिलं वो," ती म्हणायची. "हे सांगून राहिलं. दुपारी लेकराचा जीव हिंडाले जाते. वाटेत कोनाची हळहळ भेटली, का त्याचा पदर धरते. मंग जीव येते परत, पन रागानं येते. हळहळ परक्याची नसते. घरातलीच असते."

हळहळ म्हणजे मनातली जळजळ. दुसऱ्याजवळ आहे ते आपल्याजवळ नाही, म्हणून उठणारा सुस्कारा. तो कोणाचा, हे माणिकमाय वातीवरून सांगायची. घरातल्या प्रत्येक बाईनं तिच्यासमोर कापसाची वात वळायची. वात तेलात बुडवून चिमट्यात धरायची आणि पाण्यानं भरलेल्या पितळी परातीवर पेटवायची. ज्यांचं मन साफ, त्यांची वात गुमान जळायची. जिची हळहळ, तिची वात तडतड करून ठिणग्या उडवायची. नाव निघालं की पोत्यावरचं लेकरू पाहावं, तर ते शांत. गालात बत्तासा धरून पायाचं बोट खेळवत बसलेलं. बाया हात जोडायच्या.

हे मी ऐकलेलं सांगत नाही. माझ्या घरावर आलं, म्हणून लिहिते.

आम्ही परतवाड्याच्या अलीकडे मळा करतो. वांगी, पालक, झेंडू, आणि कोथिंबीर, जिला आमच्याकडे सांबार म्हणतात. माझे मालक उत्तमराव माल बाजारात नेतात. दोन मुलं, दोन सुना. थोरला धर्मेंद्र, त्याची वर्षाली, आणि त्यांचा गोलू, जो नुकता पळायला लागला होता. धाकटा शुभम, त्याची रागिणी. रागिणीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि तिला मूल नव्हतं. एवढं सांगितलं की गावातल्या कोणाही बाईला पुढची गोष्ट आपोआप सुचते. तिथंच घोळ आहे.

गोलू एरवी हसरं पोर. पण दुपारच्या झोपेतून उठला की तो आमचा राहत नसे. वर्षाली धावून त्याला उचलायची, तो तिचे केस ओढायचा. मी खुळखुळा घेऊन जायचे, तो खुळखुळा माझ्याच अंगावर यायचा. मालक मोबाइल दाखवायचे, धर्मेंद्र फटफटी सुरू करून भुर्र भुर्र करायचा. सगळं घर त्या एवढ्याशा पोराभोवती गोळा. आणि पोर निळं होईस्तोवर रडायचं.

एक रागिणी येत नसे. ती उंबऱ्याजवळ बसून सांबाराच्या जुड्या बांधत राहायची. त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. आम्ही दमून बाजूला झालो की काही वेळानं गोलू स्वतःच बाजेवरून उतरायचा, आधी पाय, मग पोट घसरवत. डोळे चोळत जायचा आणि रागिणीच्या गुडघ्यावर डोकं टेकायचा. ती त्याच्या हातात सांबाराची एक काडी द्यायची. झालं. राग गेला.

मला तेव्हा कसं वाटायचं, सांगू? छातीत मिरची वाटल्यासारखं. त्याच्या अंगाला तेल मी लावायचे, घुटी मी उगाळायचे, ओले कपडे मी बदलायचे. आणि डोकं टेकायला हिचा गुडघा. मी आजी असून मला असं व्हायचं, तर वर्षाली तर आई. ती बोलत नसे, पण अशा वेळी पोळ्या लाटताना तिचं लाटणं फार जोरात आपटायचं.

एक दिवस बोलली. "आई, ते काहून तिच्याचजवळ जाते? ती काईतरी करत असन."

"काई करत नाई, म्हनूनच जाते," मी म्हणाले. पण ते तिला पटलं नाही. खरं म्हणजे तेव्हा माझं मलाही ते नीट कळलं नव्हतं.

बाजारात तिला कोणी तरी माणिकमायचं सांगितलं. वर्षालीनं धरणं धरलं. बुवा-बायांवर माझा विश्वास नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण पोर रोज निळं होतंय आणि आजी नको म्हणते, हे तरी कोण ऐकून घेईल. गेलो आम्ही. घरात बाया तीन, त्या तिघी.

गोलू पोत्यावर निजला, उठला, आणि त्यानं आपला खाक्या दाखवला. माणिकमाय आमच्यासमोर येऊन बसली. तिनं वर्षालीच्या तोंडाकडे पाहत मऊ आवाजात विचारलं, लेकरू कोनाकडं जास्त धावते.  वर्षालीची नुसती नजर रागिणीवर गेली आणि परत आली.

"तू वो, हिरव्या बांगड्यावाली," माणिकमाय रागिणीला म्हणाली. "जाय, हापशीवरून पानी आन. परात भर, लेकराचे पाय धू."

रागिणी आनंदानं उठली. आपण कामाला येतोय, असं तिला वाटलं असावं. तिनं हापशी हापसली, परात भरली, गोलूच्या लाथा खात त्याचे पाय धुतले. लगेच माणिकमायनं तिघींच्या हातात चिमूटभर कापूस दिला. "वळा आपापल्या हातानं. हाताचं मन वातीत उतरते."

माझी वात जळली. काही झालं नाही. वर्षालीची जळली. काही झालं नाही. रागिणीची पेटवली आणि ती तडतडायला लागली. ठिणगी उडून परातीत चर्र झालं. मागच्या बायांनी एकदम श्वास ओढला.

 रागिणीनं पदराला हात पुसले आणि मागे जाऊन उभी राहिली.

मी म्हणाले, "वातीचं काय, वात कोनाचीबी तडतडते."

"मंग तुमची काहून नाई तडतडली, बुडे?" माणिकमायनं विचारलं. बाया हसल्या.  डोळ्यांदेखत झालेलं खोटं म्हणायचं, तर कसं झालं ते सांगता यायला हवं. मला सांगता येईना. आणि तिकडे गोलू पोत्यावर बत्तासा चघळत शांत बसलेला. माणिकमायनं त्याला उचलून सगळ्यांना दाखवलं. "नाव निंघालं अन् लेकरू सुटलं. आता दसऱ्यापर्यंत हिची सावली याच्यावर पडू देऊ नोका."

सावली न पडू द्यायची म्हणजे एका घरात राहून कसं जमणार. वर्षाली म्हणाली, ती राहिली तर मी पोर घेऊन मोझरीला माहेरी जाते. शुभम म्हणाला, माझ्या बायकोला चेटकीण ठरवता तर चूल वेगळी करा. दोघं भाऊ अंगणात एकमेकांसमोर उभे राहिले. एकाच ताटात जेवलेली माझी पोरं. मालक वांग्याच्या पाटीजवळ खाली मान घालून बसले. मग रागिणीच पिशवी भरून बाहेर आली.

"माह्यासाठी भांडू नोका," ती म्हणाली. "मी जातो भावाकडं."

तिचा भाऊ नितेश अकोल्याला जठारपेठेत शिवणकामाचं दुकान चालवतो. शुभम तिला पोचवून आला. दुसऱ्या दिवशी नितेशचा फोन आला. तो चढ्या आवाजात बोलला नाही. म्हणाला, "मावशी, तुमचा शुभम कवाही येवो, जेवो. पन जिनं माह्या बहिनीवर बोट ठेवलं, ती येऊन बोट मागं घेईन, तवाच बहीन येईन. नाईतर ती इथंच राहीन."

घर सुनं झालं. मला अक्षरं या वयात आली, ती रागिणीमुळे. दुपारी जुड्या बांधून झाल्या की ती माझा हात धरून पाटीवर गिरवून घ्यायची. आता पाटी खुंटीला होती आणि गोलू दुपारी उठून पहिल्यापेक्षा जास्त रडत होता. कारण आता डोकं टेकायला गुडघाही नव्हता. वर्षालीचं म्हणणं, हळहळ घरात उरली आहे. तिनं रागिणीचा पेला माळ्यावर टाकला, टॉवेल बाहेर फेकला. तरी पोर रडायचं थांबेना.

एका संध्याकाळी मी उद्याच्या बाजाराचा पालक धुऊन आत आले. दिवेलागण झालेली. देवाजवळची वात संपली होती, म्हणून तशीच बसून नवी वळली, तेलात घातली, काडी लावली.

वात तडतडली.

मी हाताकडे पाहिलं. कोपरापर्यंत पाणी निथळत होतं. मी हात लुगड्याला खसाखसा पुसले, चुलीजवळ धरून कोरडे केले, दुसरी वात वळली. गुमान जळली. पुन्हा हात ओले केले, पुन्हा वळली. पुन्हा तडतड.

आता मला सांगा, यात मला ठाऊक नव्हतं असं काय होतं? दिवाळीत एखादी पणती तडतडली की आपण म्हणतो, तेलात पाणी गेलं गं, आणि वात बदलतो. त्यासाठी कोणी सून घराबाहेर काढत नाही. पण तेच आवारात, तेच हिरव्या लुगड्यासमोर, माझ्यासारख्या दिवे लावून म्हाताऱ्या झालेल्या बाईलाही आठवलं नाही. तिथं आलेल्या एकीलाही आठवलं नाही.

हात ओले कशानं झाले? हापशीवर पाठवल्यानं. कोणी पाठवलं? माणिकमायनं. पण तिनं रागिणीलाच का पाठवलं? हे मला कळेना. म्हणून मी एका दुपारी एकटीच गेले आणि मागच्या भिंतीला टेकून बसले. लेकराबिकराशिवाय आलेल्या म्हातारीकडे कोण बघतं.

मग दिसलं. माणिकमाय दर वेळी लेकराच्या आईला तोच प्रश्न विचारायची, आणि उत्तर ऐकायला ती थांबतच नव्हती. ती आईचे डोळे बघायची. एका आईचे डोळे नणंदेकडे गेले, नणंदेला पाणी आणायला पाठवलं. एकीचे सासूकडे गेले, सासू हापशीवर. शकुन नावाच्या एका विधवा आत्याकडे अख्ख्या घरानंच पाहिलं. ती बिचारी पाणी भरून आली आणि तिची वात तर फटाक्यासारखी उडाली. दैवी काही नव्हतं. नाव माणिकमाय काढतच नव्हती. घरातली जळजळ जिच्याकडे बोट करायची, तिचे हात ही बाई ओले करायची.

वातीचं कोडं सुटलं, पण लेकरू शांत कसं होतं हे राहिलंच होतं. बाजाराच्या निमित्तानं मी गोलूला परतवाड्याच्या डॉक्टरीण बाईंकडे नेलं. त्यांनी कान पाहिले, पोट दाबलं, वजन केलं. पोर ठणठणीत आहे म्हणाल्या. मी म्हटलं, मग उठल्यावर आईला मारतं कशाला? त्या हसायला लागल्या. त्यांचं स्वतःचं पोर झोपेतून उठून चावायचं म्हणे.

त्यांनी समजावून सांगितलं. झोप आणि जाग यांच्यामध्ये दार नसतं की उघडलं आणि आलो बाहेर. गाढ झोपेतून अवेळी उठलेल्या लहान लेकराचे डोळे आधी उघडतात, डोकं अजून झोपेतच असतं. आपण कुठं आहोत, कोण उचलतंय, त्याला कळत नाही. त्यात भूक असते, तहान असते, दुपटं ओलं असतं. अशा वेळी सगळं घर अंगावर पडलं की ते जास्त घाबरतं. जवळ बसा, पण झोंबू नका. उजेड कमी ठेवा. घोटभर पाणी तयार ठेवा. थोड्या वेळात डोकं जागं झालं की राग आपोआप जातो.

मला रागिणी डोळ्यासमोर आली. उंबऱ्याजवळ, जुड्या बांधत. आणि माणिकमायचं आवारही आलं. तिथं वातीच्या नादात लेकराला पोत्यावर एकटं सोडतात, हातात बत्तासा देतात. तेवढ्यात ते शांत होणारच. घरी सोडलं असतं तरी झालं असतं.

हे सगळं मी घरी येऊन वर्षालीला सांगितलं असतं, तर ती म्हणाली असती, तुमाले धाकटीचा पुळका. म्हणून नाही सांगितलं. उलट मीच म्हटलं, चल, एकडाव अजून जाऊन येऊ.

त्या दिवशी आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. फाटकाबाहेर शकुन उभी होती. घरच्यांच्या चपला सांभाळत होती, आत यायची तिला बंदी होती. गोलू पोत्यावर निजला. उठला. किंचाळला. माणिकमाय समोर बसली, आणि मऊ आवाजात तोच प्रश्न.

वर्षालीला बघायला आता कोणी उरलंच नव्हतं. ती गोंधळली. तेव्हा मी पदर तोंडाला लावला आणि वर्षालीकडे पाहिलं. चांगलं टक लावून पाहिलं. माणिकमायनं ते बरोबर टिपलं.

"जाय बाई, तूच पानी आन," ती वर्षालीला म्हणाली.

वर्षाली पाणी घेऊन आली. वाती वळल्या. माझी गुमान जळली. वर्षालीची तडतडली.

आवारात कुजबुज उठली. आईचीच? पण माणिकमाय अडखळणारी नव्हती. "आईचीबी असते," ती म्हणाली. "लेकरू दुसऱ्याच्या मांडीवर गेलं, का आईचं काळीज जळते. ते जळनंच लेकराले भाजते. दसऱ्यापर्यंत लेकराले हात लावू नोको."

वर्षालीचं तोंड पांढरं पडलं. कारण त्यातलं निम्मं खरं होतं. ती जळत होती, हे तिला माहीत होतं. माणिकमायची खुबी हीच. कोणत्याही घरातल्या कोणत्याही बाईच्या मनात थोडी जळजळ असतेच, म्हणून बाण कुठंही मारला तरी लागतो. वर्षाली माझ्याकडे वळली. "आई, मी माह्याच लेकराले... मी हात नाई लावाचा?"

तिच्या तोंडाकडे मला बघवेना. मी उठले.

"वर्षाली, हात पूस. माह्या पदराले पूस. चांगले. बोटांच्या मंधात बी. आता वात वळ."

माणिकमाय म्हणाली, देवीकडे एका दिवशी दोनदा कौल मागत नाहीत. मी म्हटलं, देवी काय एकदाच खरं बोलते? बाया पुढे सरकल्या. वर्षालीनं कोरड्या हातानं वात वळली. मी पेटवली. गुमान जळली, शेवटपर्यंत.

मग मी परातीत दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवले आणि वात वळली. तडतड सुरू झाली.

"पाहा," मी सगळ्यांना म्हणाले. "आता माही हळहळ लागली का? मघाशी तर मन साफ होतं माहं. मंधात मी फक्त हात ओले केले. वात मन नाई पाहत, पानी पाहते. अन् पानी आनाले कोन धाडते, ते तुमी आठवा."

 मग जठारपेठेकडची चष्मा लावलेली एक बाई पुढे आली आणि तिनं निमूट हात परातीत घातले. तिची तडतडली. तिच्या सासूनं कोरड्या हातानं वळली. ती गुमान जळली. मग एकच झुंबड. कापूस संपला तर एकीनं लेकराच्या उशीची शिवण उसवली. सगळ्या आवारात वाती, काही तडतडणाऱ्या, काही गुमान, आणि कोणाची कोणती ते कोणी विचारत नव्हतं. शकुन चपला टाकून आत आली. तिनं पदराला हात पुसले, वात वळली, पेटवली. तिची वात शांत जळताना ती बघत राहिली. तिच्या भावजयीनं मान खाली घातली.

"माणिकमायले बी वळू द्या एक," कोणी तरी मागून म्हणालं. "परातीत हात बुडवून." माणिकमाय म्हणाली, देवीची थट्टा करणाऱ्यांचं वाटोळं होतं. आत गेली, कडी लावली. नंतर ऐकलं की तिचं डोकं दुखायला लागलं होतं. आतून काढ्याचा वास येत होता. स्वतःची दृष्ट काढून घेतल्याचं काही कानावर आलं नाही.

आणि तेवढ्यात वर्षालीनं माझा हात धरून मागे बघायला लावलं. या सगळ्या गडबडीत पोरांकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. नाव कोणाचं निघालं नव्हतं, मंत्र कोणी म्हटला नव्हता. पण पोत्यांवरची सगळी पोरं गप्प झाली होती. एक चप्पल चाटत होतं. दोघं एका पेल्यावरून ओढाताण करत होती. आमचा गोलू कडुनिंबाच्या लिंबोळ्या गोळा करून दुसऱ्या पोराच्या कानात घालायच्या विचारात होता.

जीपमध्ये वर्षालीनं गोलूला मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "तुमी माह्याकडं मुद्दाम पाह्यलं ना?"

"हो."

"मले मेल्यावानी झालं."

"रागिनीले बी तसंच झालं असन," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघी गोलूला घेऊन अकोल्याला गेलो. नितेशचं दुकान उघडं होतं, मशीन चालू होती. त्यानं मशीन थांबवली आणि आम्हाला पाणी दिलं. रागिणी आतून आली. गोलूला बघून तिचे हात पुढे आले आणि तसेच मागे गेले. त्या दसऱ्यापर्यंतच्या नियमाची तिला आठवण होती. ते बघून वर्षालीला बोलायला जे जड जात होतं ते सोपं झालं असावं.

"बोट मागं घ्याले आली मी," ती म्हणाली. "जळत मी होती रागिनी. लेकरू तुह्याकडं जाये, म्हनून. वात तुही तडतडली ती ओल्या हातानं."

तिनं पाण्याची सगळी हकिकत सांगितली. रागिणी ऐकत राहिली. मग खाली बसली आणि हळूच म्हणाली, "ताई, मले बी कदी कदी तुमाले पाहून वाटे. आपल्याले बी असतं एखादं. म्हनून मले वाटलं, खरंच माह्यामुळंच लेकरू रडत असन. मी रोज सोताले विचारत होती, माह्या मनात असं काय हाये, का ज्यानं गोलूले तरास व्हावा."

मला सगळ्यात जास्त राग तेव्हा आला. माणिकमायनं तिला घराबाहेर काढलं, ते वाईटच. पण या पोरीला स्वतःच्या मनाची भीती घातली, ती कोण भरून देणार? मूल नाही म्हणून वाईट वाटणं हा काय गुन्हा आहे? सुस्काऱ्यानं कोणाचं लेकरू भाजत नाही. भाजत असतं, तर या जगात एकही लेकरू धड वाढलं नसतं.

वर्षालीनं गोलूला तिच्या मांडीवर ठेवलं. नितेशनं मशीन पुन्हा सुरू केली आणि आमच्याकडे पाठ करून बराच वेळ काही तरी शिवत बसला. चहा मात्र त्यानंच मागवला.

माणिकमायचं आवार बंद पडलं नाही. अजूनही काही जीपा जातात. पण आता तिथं येणाऱ्या बाया पाणी आणायला उठण्याआधी एकमेकींकडे बघतात, असं ऐकते. मला तेवढं पुरे.

परवाच्या दुपारी गोलू झोपला होता. आम्ही तिघी उंबऱ्याजवळ जुड्या बांधत होतो. तो उठला, ओठ वाकडे झाले, लाथ बसली, बोंब सुरू झाली. वर्षालीचे पाय उठायला शिवशिवत होते. मी तिचा पदर धरून ठेवला. पाण्याचा पेला बाजेजवळ होता. आम्ही जुड्या बांधत राहिलो. हळूहळू रडणं उतरलं. पोर पोट घसरवत खाली आलं. डोळे चोळत आमच्याकडे निघालं. तिघींचे हात थांबले. खोटं कशाला बोलू, प्रत्येकीला वाटत होतं, माझ्याच गुडघ्याशी यावं.

तो आईच्या समोरून गेला, माझ्या समोरून गेला, रागिणीलाही ओलांडलं, आणि खुंट्याला बांधलेल्या बकरीच्या पोटाला डोकं टेकून उभा राहिला. बकरी रवंथ करत होती. त्याच्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

आम्ही तिघी त्या बकरीकडे बघत राहिलो. वर्षाली म्हणाली, "घ्या, आता हिची वात वळा." आणि हसता हसता रागिणीच्या हातातली जुडी सुटली.

बायांनो, लेकरू झोपेतून चिडून उठलं तर ते झोपेतून उठलंय, एवढंच समजा. जवळ बसा, पाणी ठेवा, वाट बघा. ताप असेल, कान दुखत असेल, तर डॉक्टरकडे न्या. मन जळत असेल तर जिच्यावर जळतं तिलाच सांगा, चहा पिता पिता सांगा. त्यासाठी मध्ये माणिकमाय लागत नाही. आणि तुमच्या घरात कधी वात तडतडली, तर कोणाचंही नाव घेण्याआधी हात कोरडे करा आणि ती वात पुन्हा एकदा वळून बघा.